मुद्रांक शुल्काची पाटी

मी पाटी बोलतेय. पुण्यातल्या एका दस्त नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी मी टांगलेली असते. घर घेताना सरकारला काय द्यायचं आणि का द्यायचं, ते माझ्यावर स्वच्छ मराठीत लिहिलंय. तरी माझ्याच खाली उभं राहून लोक विचारतात, "अहो, फी किती लागते हो?" धन्य आहे!

माझा जन्म सदाशिव पेठेतला. दत्तोबा पेंटरने मला रंगवलं. आयुष्यभर त्याने 'दुपारी बेल वाजवू नये' छापाच्या पाट्या रंगवल्या, त्यामुळे माझाही स्वभाव जरा फटकळच. त्याला इलाज नाही. पण अक्षर बघा! दत्तोबा प्रत्येक ओळ आधी स्वतः समजून घ्यायचा. "मला कळलं नाही तर लोकांना काय कप्पाळ कळणार?" म्हणायचा. असा माणूस विरळा.

तर ऐका. मुद्रांक शुल्क वेगळं आणि नोंदणी फी वेगळी. शुल्क दस्तावर बसतं. फी तो दस्त सरकारी दप्तरात कायमचा नोंदवून ठेवण्याची असते. शुल्क काढताना तुमची ठरलेली किंमत आणि सरकारी दराने येणारी किंमत, यांतली जास्त असेल ती धरतात. आणि राहण्यासाठीचं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर शुल्कात एक टक्का सवलत. झालं. यात घाबरण्यासारखं काय आहे?

पण वाचतो कोण! माझ्यावर छत्र्या अडकवतात. एका कोपऱ्यावर कुणीतरी क्लासची जाहिरात डकवली. डोकं टेकून डुलक्या काढणाऱ्यांच्या तेलाने खालच्या दोन ओळी तकतकीत झाल्यात. तरुण मंडळी "काय व्हिंटेज आहे ना!" म्हणत फोटो काढतात आणि निघून जातात.

मग गेल्या महिन्यात कमरजहां आल्या. येरवड्यात बावीस वर्षं शाळेचे गणवेश शिवणाऱ्या. सोबत नवरा रियाज, छापखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. बाईंच्या शिलाईचे आणि रियाज यांच्या फंडाचे पैसे मिळून दोन खोल्यांचा जुना फ्लॅट घेत होते. भाड्याची सात घरं बदलल्यावर हे पहिलं स्वतःचं. एजंट तात्यारावांनी दस्ताचा मसुदा करून आणला होता. त्यात 'लिहून घेणार', म्हणजे घर विकत घेणारा, म्हणून एकट्या रियाज यांचं नाव. तात्याराव माणूस वाईट नाही, पण नाव विचारायचं ते पुरुषाला, ही त्यांची जुनी सवय. शुल्काचं चलन भरायचं तेवढं बाकी होतं. पुढे गर्दी होती म्हणून सगळे थांबले आणि बाईंनी मान वर केली.

सुईत दोरा ओवताना लागते तशी नजर लावून त्यांनी मला वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आणि मग पुन्हा एकदा. मला तर लाजल्यासारखंच झालं.

"तात्याराव, ही सवलतीची ओळ आम्हाला लागू आहे का?"

"आहे तशी. पण आता मसुदा झालाय ना. हवं तर तुमचं नाव दुसरं टाकू. दोघांचं करू."

"दोघांचं केलं तर सवलत जाते. इथे 'फक्त' लिहिलंय." आणि त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. फ्लॅट विकणारे गृहस्थ घड्याळ बघायला लागले.

रियाज हळूच म्हणाले, "जाऊ दे ना. लोक काय म्हणतील? घर बायकोचं, मग मी कोण?"

"एका टक्क्यासाठी एवढं कशाला, ताई?" तात्याराव हसले.

बाईंनी माझ्यावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. आवाज स्थिर होता. "टक्का राहू द्या. सवलत नसती तरी मला हेच हवं होतं. सात घरं सोडली मी. दर वेळी घरमालकाने यांना सांगितलं, यांनी मला सांगितलं, आणि मी भांडी बांधली. एक तरी घर असं हवंय, जिथून निघायचं तर आधी मला विचारावं लागेल. इतकी वर्षं बोलायचं धाडस झालं नाही. आज इथे सरकारनेच लिहिलेलं दिसलं, म्हणून बोलले."

रियाज चपला पायात सरकवू लागले. मला वाटलं, आता उठून चालू लागतात. पैसे त्यांचेही होते, आणि सगळ्या गल्लीला 'माझं घर' म्हणून सांगून झालं होतं. मग ते तात्यारावांकडे वळले.

"तात्याराव, नाव बदला. हिच्या एकटीचं लिहा."

"आणि तुमचं काय?"

"मला ठेवून घेईल ती. इतकी वर्षं घेतलंच आहे की."

काय सांगू, माझे खिळे सैल झाले असते!

मसुदा पुन्हा टाइप झाला, चलन भरलं, नंबर लागला. आतून आवाज आला, "लिहून घेणार कोण? पुढे या." सवयीने रियाज उठले. मग ओशाळून हसले आणि खाली बसले. घेणाऱ्यांतर्फे बाई एकट्याच आत गेल्या, फोटोला आणि अंगठ्याला. बाहेर बसल्या बसल्या रियाजनी मान वर करून मला वाचायला घेतलं. अगदी सावकाश, शेवटपर्यंत.

येत्या सोमवारी माझ्या जागी टीव्हीसारखा पडदा लागणार आहे आणि माझी रवानगी मागच्या खोलीत. जाईन. जिच्यासाठी मला रंगवलं, ती बाई मला भेटली, अजून काय हवं? तुम्हाला सांगायचं ते एवढंच. दर बदलतील, पडदेही बदलतील, तुम्ही वाचत जा. आणि घर घ्यायला येताना घरातल्या बाईला सोबत आणलंत, तर उकडतंय म्हणून तिला पंख्याखाली बसवू नका. पाटी दिसेल अशा जागी बसवा.