पाठवल्यावर हटवा

शालूचा आवाज तिच्या जुन्या फोनमध्ये होता आणि तो फोन दिवसातून चार-चारदा आपोआप बंद पडायला लागला होता.

शालू माझी बायको. सात महिन्यांपूर्वी तिचं घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. ऑपरेशनच्या आधीचे आठ दिवस ती दुपारी बेडरूमचं दार लावून घ्यायची आणि फोनमध्ये बोलत बसायची. तेवीस रेकॉर्डिंग केली तिने. आमच्या विश्रांतवाडीच्या बुद्धविहारात दर रविवारी वंदना तीच सांगायची, बाकीचे तिच्या मागून म्हणायचे. ती वंदना त्यात होती. नातवाला, आयुषला, झोपवतानाचं गाणं होतं. आमटीला लावायचं येसर कसं करायचं तेही होतं, मुलीसाठी. एवढं मला मैत्रीकडून, म्हणजे मुलीकडून, कळलं होतं. मी स्वतः त्यातलं एकही ऐकलं नव्हतं.

शालू विचारायची. आयुषची ती बटण दाबलं की पुसली जाणारी पाटी आहे ना, ती आता हिच्याकडे असते. त्यावर लिहायची, ‘ऐकलं?’ मी म्हणायचो, ऐकतो निवांत. मी रिटायर्ड माणूस, माझ्याकडे निवांतपणाशिवाय दुसरं होतं काय? खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. ती समोर गप्प बसलेली आणि फोनमधून तिचा आवाज येतोय, हे माझ्याच्याने सोसलं नसतं.

पाटीचा आग्रहही माझाच. सुरुवातीला ती नुसते ओठ हलवून बोलायची. मैत्रीला ते कळायचं, आठ वर्षांच्या आयुषलाही कळायचं. मला कळायचं नाही. मी वैतागून पाटी पुढे करायचो, ‘लिहून दे.’ बत्तीस वर्षं सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात काढलेला माणूस मी. लेखी असेल तेच खरं, अशी सवय लागलेली.

तर फोन. चार्जिंगची वायर लावली की तो चार्ज व्हायचा, पण कॉम्प्युटर त्याला ओळख द्यायचा नाही. मैत्री हिंजवडीहून कंपनीच्या बसमध्ये बसली होती, तिथून तिने फोन केला.

“पप्पा, वायर सोडा. वायफायवरून घ्या. मी ॲप टाकून दिलंय आईच्या फोनमध्ये. दोन्ही एकाच नेटवर्कवर पाहिजेत, बस्स.”

“एकाच घरात आहेत,” मी म्हणालो. “अजून किती जवळ आणू?”

“पप्पा, प्लीज. मी ऑलरेडी तासभर वाकडच्या पुलाखाली अडकलेय.”

मी ॲप उघडलं. कॉम्प्युटर म्हणे, एकही उपकरण सापडले नाही. मी फोन टेबलावर, अगदी कॉम्प्युटरला टेकवून ठेवला. तरी सापडले नाही. अर्धा तास मी त्या दोघांना एकमेकांची तोंडओळख करून देत होतो. शेवटी लक्षात आलं, की शालूचा फोन शेजारच्या तनुजाच्या वायफायवर आहे. ऑपरेशननंतर आमचं नेट बंद होतं तेव्हा तनुजाने पासवर्ड दिला होता, आणि तेव्हापासून फोन इमानेइतबारे तिचंच नेट खात होता. तो आमच्या वायफायवर आणला. तरी नाही.

मैत्रीला परत फोन. “आता सेटिंगमध्ये बघा, नेटवर्क पब्लिक केलंय का प्रायव्हेट?”

“पब्लिक.”

“का पण?”

“नोकरी पब्लिकचीच केली. कॉम्प्युटरने विचारलं, ते सांगितलं.”

“प्रायव्हेट करा. आणि पप्पा, घाई करू नका. आईचं दुसरीकडे कुठेच नाहीये ते.”

दुसरीकडे कुठेच नव्हतं, कारण इंटरनेटवर साठवायची सोय मीच बंद करून ठेवली होती. घरातलं बोलणं परक्याच्या कपाटात कशाला, असं म्हणून.

प्रायव्हेट केलं आणि फोन एकदम सापडला. तेवीस नावांची यादी आली. मी नावं न वाचताच सगळ्यांवर खूण केली. खाली एक चौकोन होता: ‘पाठवल्यावर फोनमधून हटवा’. त्यावरही मी खूण केली. कुणी सांगितलं नव्हतं, चुकूनही बोट लागलं नव्हतं. विचार करून केली. एकच कागद दोन फायलींत सापडला तर मी हाताखालच्या माणसाला उभं करायचो. मूळ कागद जिथे जाईल तिथे जाईल, मागे काही राहायचं नाही, ही माझी शिस्त. तिच्या आवाजालाही मी तीच लावली.

फायली जायला लागल्या. चार, सात, अकरा. मला बरं वाटलं, छाती जरा फुगलीसुद्धा. तेवढ्यात स्वयंपाकघरातून टाळी वाजली. शालूला हाक मारता येत नाही, ती दोन टाळ्या वाजवते. मी “आलो” म्हणून उठलो. चहा झाला होता. तिथेच उभ्याने प्यायलो. ती पाटीवर लिहीत होती, मैत्री जेवायला येणार का, भाकरी किती टाकू. पाच-सात मिनिटं गेली असतील.

परत आलो तर फोनचा पडदा काळा. बॅटरी वाचवायच्या नादात त्याने पडद्याबरोबर वायफायही मिटवलं होतं. मी घाईघाईने उघडला. फोन सांगत होता: ‘२३ फायली पाठवल्या. २३ हटवल्या.’ कॉम्प्युटर सांगत होता: ‘संपर्क तुटला.’ तिथे तेवीस नावं होती, पण शेवटच्या सहा नावांपुढे शून्य केबी. नुसती पाकिटं, आत काही नाही.

मी ती सहा नावं वाचली. तिनेच दिलेली. ‘वंदना पूर्ण’. ‘आयुष गाणं २’. ‘मैत्री लग्नाची गोष्ट’. ‘आईच्या ओव्या’. ‘हसणं’. आणि शेवटचं, ‘अहो’.

अहो म्हणजे मी. छत्तीस वर्षांत तिने मला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारलेली नाही. त्यात माझ्यासाठी वेगळं काही आहे, हे मला माहीतच नव्हतं. ती सात महिने ‘ऐकलं?’ विचारत होती ते याबद्दल.

शालू दारात येऊन उभी राहिली, पाटीवर एकच शब्द: ‘झालं?’

मी मान डोलावली. आयुष्यात मी खोटा शेरा कधी मारला नाही, तो त्या दिवशी मारला.

दुसऱ्या दिवशी मंडईत जातो म्हणून पिशवी घेतली आणि फोन खिशात घालून बुधवार पेठेत गेलो. तिथे अभय नावाचा एक दुरुस्तीवाला आहे, गेलेला डेटा परत आणतो असं मैत्रीच्या मित्राने सांगितलं होतं. मैत्रीला मी ‘एक-दोन फायलींची अडचण’ एवढंच बोललो होतो. अभयने तीन तास फोन मशिनला जोडून ठेवला. मी बाकावर बसून राहिलो. त्याने लग्नातले फोटो परत आणले, जुने मेसेज आणले, तनुजाने पाठवलेली सुप्रभातची फुलंसुद्धा आणली.

“रेकॉर्डिंग नाही येत काका. त्या जागेवर दुसरं लिहिलं गेलंय.”

“काय लिहिलं गेलंय?”

“काहीही. रात्री फोनने स्वतःचं अपडेट घेतलंय.” त्याने फोन माझ्या हातात दिला. “कॉपी करायचं असतं काका. हटवायला काय, नंतर जन्म पडलाय.”

मला त्याचा राग आला नाही. एरवी आला असता.

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. शालू खिडकीत बसून मेथी निवडत होती. मी रिकामी पिशवी खुर्चीवर टाकली. तिने पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“शालू,” मी म्हणालो, “सहा गेली. काल गेली. मी घालवली. मी हटवा म्हणून खूण केली होती.”

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. मी तिला कॉम्प्युटरसमोर नेलं आणि यादी दाखवली. ती एकेका नावावरून बोट फिरवत खाली आली. वंदनेवर थांबली. हसण्यावर थांबली. मग शेवटच्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. ‘ऐकलं?’ पाटीची गरज नव्हती.

“नाही,” मी म्हणालो. “सात महिन्यांत एकदाही नाही. मला भीती वाटत होती.”

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती बसून राहिली आणि तिच्या गळ्याच्या छिद्रातून श्वासाची ती घरघर तेवढी येत राहिली.

मग मी सवयीने पाटी उचलली आणि तिच्यापुढे धरली. “त्यात काय होतं? लिहून दे.”

तिने पाटी घेतली. पेनही घेतलं. जरा वेळ धरून ठेवलं. मग पेन खोबणीत परत बसवलं आणि पाटी उपडी करून टेबलावर ठेवली. माझी हनुवटी धरून तिने माझं तोंड स्वतःकडे वळवलं आणि ओठ हलवायला लागली.

बराच वेळ बोलत होती ती. सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत. मध्ये एकदा हसली, एकदा थांबून डोळे पुसले. मी डोळे फाडून बघत होतो. मला फक्त पहिला शब्द कळला, अहो. पुढचं काहीच कळलं नाही.

“परत सांग,” मी म्हणालो.

तिने परत पहिल्यापासून सुरुवात केली.