बाईंनी पाठवलेलं

“काढा आम्हीच उशिरा चालू केला, बाई,” गोदू म्हणाली. “आधी केला असता तर हे वाचले असते.”

श्यामलाबाईंनी पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला. श्रीवर्धनच्या शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं शिकवलं होतं. गोदूच्या हातून बाराखडी त्यांनीच गिरवून घेतली होती. तिचा नवरा रघू जाऊन आज पाच दिवस झाले होते. साखर वाढून तो बेशुद्ध पडला, आणि माणगावला नेताना म्हसळ्यापाशीच गेला.

त्याआधी पंधरा दिवस, शाळेच्या जुन्या मुलांच्या ग्रुपवर बाईंनी एक मेसेज पुढे पाठवला होता. हा काढा घ्या, इन्सुलिनची कटकट कायमची सोडा. खाली कुणा डॉक्टरचं नाव, त्यापुढे ओळभर पदव्या. बाईंनी पदव्या तेवढ्या पाहिल्या. मुलांच्या वहीतली एक वेलांटी न सोडणाऱ्या बाईंनी तो मेसेज पुरता वाचलाही नव्हता.

आज चार शब्द बोलून निघायचं, मेसेजचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच त्या आल्या होत्या.

“लोकांनी किती काय काय पाठवलं, बाई,” गोदू सांगत होती. “मी कशावर इस्वास ठेवला न्हाय. तुमचा आला तवा म्हटलं, बाईंनी बघूनच पाठवलं असंल. कालपास्नं सासूबाईंनाबी काढाच देते. साखरेच्या गोळ्या बंद केल्या त्यांच्या.”

आत माजघरात म्हातारी खोकली.

बाई म्हणाल्या, “गोदू, तो काढा ओतून दे. त्यांच्या गोळ्या आजच सुरू कर. ते खोटं होतं. मी न वाचता पाठवलं.”

गोदू हळूच म्हणाली, “म्हंजे इंजेक्शन चालू असतं, तर हे गेले नसते?”

काहीतरी मोघम बोलून सुटता आलं असतं. बाई म्हणाल्या, “बहुतेक नसता गेला.”

गोदू रडली नाही. उठून आत गेली आणि सासूच्या गोळ्यांची पिशवी घेऊन आली. कुठली कधी द्यायची, ती चिठ्ठी आतच होती. बाईंनी सवयीने चष्मा लावून हात पुढे केला.

“ऱ्हाऊ द्या,” गोदू म्हणाली. “डॉक्टरलाच इचारते.”

पिशवी छातीशी धरून ती चपला पायात सरकवू लागली. बाईंचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला.