उलटं बोल, रविने

कडू कंद पहिला कोण खाणार, हे आमच्या घरात कोणी विचारत नाही. मी खाते. माझ्या आधी माझी सासू खायची. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या सुमाराला रानातून कंद खणून आणायचे, सोलायचे, पातळ चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायच्या, मग टोपलीत भरून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवायच्या. कंदातलं विष पाण्याबरोबर निघून जातं. पण गेलं की राहिलं हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून घरातली म्हातारी बाई दुपारी बोटाच्या पेराएवढा तुकडा खाते आणि उंबऱ्यात बसते. तिच्या घशाला खाज सुटली नाही, डोकं फिरलं नाही, तर संध्याकाळी बाकीचे खातात.

मला त्या बसण्याची भीती कधी वाटली नाही. उलट तोरा चढायचा. नवरा गेला, थोरला लेक वसईला बायकोच्या मुठीत गेला, गुडघे गेले, पण एवढं एक काम माझ्याशिवाय कोणाला करता येत नव्हतं. सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत बसायचं. धाकटी सून रविना तर हातातलं काम टाकून समोर येऊन बसायची.

"काय ग, मी कधी आडवी होते त्याची वाट बघतेस काय?" मी विचारायची.

ती मान खाली घालायची. उलटं बोलायची तिची टाप नव्हती. माझ्या घरात सून उलटं बोलत नाही.

या दिवाळीला गुडघ्यांनी मला ओढ्यापर्यंत जाऊ दिलं नाही. टोपली रविनाने नेली. "नेहमीच्या दगडाशी ठेव आणि वर धोंडा ठेव," मी सांगितलं, तिने अगदी तसंच केलं. सकाळी टोपली घरी आणली. माझा धाकटा लेक मंगेश मोटरसायकल काढून जव्हारला बाजाराला गेला. अर्धा पाडा तिकडेच गेलेला. मी खळ्यावर भाताचे भारे राखायला बसले, सुटी गुरं तोंड घालतात म्हणून. ऊन डोक्यावर आलं तेव्हा घरी आले.

रविना चुलीपाशी काहीतरी चावत होती. मला बघून तिने घाईने गिळलं.

"काय खाल्लंस?"

"कंद."

"कोणाला विचारून?"

"तुमची बीपीची गोळी चालू हाय. डॉक्टरीणबाय बोलली ना, चक्कर येईल असं काय खायचं नाय. म्हणून मीच खाल्ला."

"केवढा?"

"वाटीभर."

माझा जीव तिथेच अर्धा झाला. "कडू लागला?"

"जरासा. गूळ घेतला सोबत."

"गूळ! अग शहाणे, कंद कोरा खायचा असतो. जिभेला कळायला नको? गुळात कालवलं तर विषसुद्धा गोड लागंल!"

तिने नेहमीसारखी मान खाली घातली. तिची चार वर्षांची प्रगती "मला पण, मला पण" करत भांड्याकडे हात नाचवत होती. मी भांडं उचलून उंच फळीवर ठेवलं. मनाला म्हटलं, पाणी वाहतं होतं, रात्रभर होतं, काही होत नाही.

तेवढ्यात जिवली आली. जिवली खालच्या वाडीवरची. रोज कोणाच्या ना कोणाच्या कामावर असते, आणि माझ्याशी बरोबरीने भांडणारी अख्ख्या पोशेरा गावात ती एकटीच. हातात ओले खेकडे बांधलेले.

"रखमे, तुझी टोपली वाहून गेली वाटलं मला. पाणी किती चढलंय त्या दगडावर!"

"पाणी चढायला पाऊस कुठं पडला?"

"पाऊस कशाला पायजे? खालच्या वळणावर पोरांनी काल बंधारा घातला ना, गोण्यात माती भरून. तुझ्या दगडाच्या वरपर्यंत पाणी थांबलंय. तळं झालंय नुसतं. पान पडलं तरी हलत नाय."

थांबलेलं पाणी. म्हणजे कंद रात्रभर स्वतःच्याच विषात भिजत पडला होता. रविनाने पाणी बघितलंही असेल, पण माझ्या सांगण्याबाहेर काही करायची तिची टाप नव्हती.

मी रविनाकडे बघितलं. ती घसा खाजवत होती. बाहेरून, नखांनी, गळा लाल होईपर्यंत.

"कधीपासून?"

"आत्ताच. काय होत नाय, आई."

"डोकं फिरतंय?"

ती उठायला गेली आणि भिंत धरून उभी राहिली.

मी फळीवरचं भांडं खाली काढलं. विष किती राहिलंय हे कळायची मला एकच रीत ठाऊक होती. मूठभर चकत्या तोंडाशी नेल्या, तर रविनाने माझं मनगट धरलं. घट्ट. लग्न होऊन आल्यापासून तिने मला असा हात लावला नव्हता.

"खायचं नाय. मला काय झालं तर प्रगतीला कोण बघंल?"

"हात सोड."

"नाय सोडत."

जिवलीने भांडं हिसकावून खड्ड्यात ओतलं, वर माती लोटली. एक चकती तेवढी पानात गुंडाळून माझ्या पदराला बांधली. "डॉक्टरला दाखव. दोघी येड्या, उठा आता, रस्त्याला चला!" तिने प्रगतीला कडेवर घेतलं. पाड्यावर फोन लागत नाही, जीप मिळाली तर डांबरी रस्त्यावरच. ती पुढे पळाली आणि वळणावरून ओरडली, "झोपू देऊ नको तिला! आमच्या वाडीवरचा एकजण असाच कंद खाऊन झोपला, तो उठलाच नाय!"

मग त्या उतारावर आम्ही दोघीच. माझे गुडघे आणि तिचं डोकं, दोन्ही आपल्या ताब्यात नसलेली.

शेताच्या बांधापर्यंत ती बरी चालली. तिथे म्हणाली, "आई, जरा टेकू द्या. झोप येते."

"झोप? भरदिवसा? बापाने हेच शिकवून धाडली काय?"

"हूं."

मी तिचा हात माझ्या मानेभोवती घेतला आणि तोंड सोडलं. देवाने मला हत्यार म्हणून तेवढंच दिलंय. तिची भाकरी जाड, तिचं सारवण खडबडीत, तिचा भाऊ लग्नात दारू पिऊन मांडवाच्या खांबाला मिठी मारून झोपला, तिच्या आईने आंदण दिलेला हंडा गळका निघाला. प्रत्येक बोलण्यावर ती "हूं" म्हणायची. आधी लगेच म्हणायची. मग एक पाऊल टाकून. मग मी बोलून कान लावून चालायची, आणि हूं येतच नव्हतं, येतच नव्हतं, मी तिला गदागदा हलवायची, तेव्हा कुठे यायचं.

"हूं काय हूं? उलटं बोल मला! रविने, उलटं बोल! माझी भाकरी कशी होते, सांग."

"चांगली."

"खोटारडे! करपते. बोल, करपते."

"करपते."

"आणि माझं तोंड कसं हाय?"

तिचे डोळे मिटत चाललेले.

"बोल ग बाय. तुला तुझ्या लेकीची आण."

"तोंड नाय ते," तिची जीभ जड झाली होती. "विंचवाची नांगी हाय."

"हां! आणखी बोल!"

एरवी कोणी असं बोललं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या उकरल्या असत्या. तिथे मी रडत रडत आणखी मागत होते.

ओढ्यापाशी आलो तर आवाज नव्हता. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या उतारावर ओढा आधी ऐकू येतो, मग दिसतो. आज तो गप पडलेला, हिरवा, रुंद. बंधाऱ्याच्या गोण्यांवरून पलीकडे झालो आणि रविना बसली. मी ओढली, ती उठेना. पाय पसरून बसली आणि मान छातीवर पडली.

मी शिवी शोधली. सापडली नाही. माझ्या शिव्या संपल्या, आयुष्यात कधी संपल्या नव्हत्या त्या संपल्या. मग तोंडातून भलतंच यायला लागलं.

"ऐक ग. रोज तुझ्या आधी का उठते, ठाऊक हाय? गुडघे नको म्हणतात. नवरा नाय, कोणासाठी उठायचं? तू उठशील तेव्हा चूल पेटलेली असावी म्हणून उठते. तोंडाने म्हणते, ही आळशी अजून लोळते. मनात म्हणते, झोपू दे पोरीला आणखी थोडी. दरसाल प्रगतीला माझ्यापाशी टाकून तू वीटभट्टीच्या कामाला गेलीस ना, की मला उजाडलेलं आवडत नाय. प्रगती हाक मारते म्हणून अंथरूण सोडते. ऐकतेस ना? तू नसलीस तर मी कोणावर ओरडू?"

रविनाने डोळे उघडले. पहिल्यांदा त्यात भीती दिसली मला.

"आई, मी मरतेय काय?"

"का ग?"

"तुमी गोड बोलताय."

 पोर विषाला भ्याली नव्हती, मला भ्याली.

"कोण बोललं गोड? ऊठ, म्हशी! जागा बापाची समजून पसरलीस काय? तुझ्यापायी माझे गुडघे मोडले, ते काय तुझा भाऊ भरून देणार?"

खरं सांगते, तिच्या चेहऱ्यावर हायसं दिसलं. माझ्या खांद्याला लोंबकळून ती उठली.

रस्त्यावर जिवली जीपच्या पुढ्यात उभी होती, गाडी हलू देत नव्हती. आत बसल्या बसल्या रविना ओकली. मला वाटलं, निघतंय, बरं झालं. मग तिने मान माझ्यावर टाकली आणि मी काहीही बोलले तरी हूं आलं नाही. मोखाडा येईपर्यंत मी एकटीच बोलत होते. तिच्या नाकाखाली बोट धरलेलं. श्वास लागायचा, पण जीपच्या हादऱ्यात मला तो खरा वाटायचा नाही. जीपमधली माणसं बाहेर बघत होती. जिवलीने प्रगतीचं डोकं आपल्या पोटात दाबून धरलं होतं.

दवाखान्यात तिला चाकाच्या खाटेवर घेतली आणि दार लावलं. मी पदरातली चकती डॉक्टरच्या हातात दिली. तरुण पोरगा, त्याने उलटसुलट करून बघितली, किती खाल्ला, कधी खाल्ला विचारलं आणि आत पळाला. जिवलीने मंगेशला फोन लावला. तो निघाला म्हणाला. मी भिंतीशी बसले. दार उघडलं की मी उठायची, आतले दुसऱ्याच कोणाला हाक मारायचे. पुन्हा बसायची. कंद खाऊन उंबऱ्यात बसायची तेव्हा समोर बसलेल्यांच्या पोटात काय होत असेल, हे मी कधी मनातच आणलं नव्हतं. खाणारीचं सोपं असतं.

उन्हं कलली तेव्हा मला आत सोडलं. हाताला सलाईन, ओठ सुकलेले, पण डोळे उघडे. डॉक्टर म्हणाला, "शुद्धीवर आहे. पण उद्यापर्यंत इथेच ठेवायची, लक्ष ठेवायला लागेल."

रविना माझ्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "हंडा गळका नव्हता."

"काय?"

"माझ्या आईने दिलेला. चांगला होता. तुमीच आपटलात."

"मी? मी आपटला? अग, तुझ्या आईने बाजारातला सगळ्यात स्वस्त..."

"आजी!" नर्सबाई मध्ये आली. "पेशंटशी भांडायचं नाही. बाहेर बसा."

बाहेर बाकावर बसले. दार लोटलेलं. आतून आवाज नाही. भांडी वाजत होती, कोणाचं पोर रडत होतं, पण आमच्या दारातून काहीच नाही, आणि जीपमधली ती धास्ती परत आली. आता ही माझ्याजवळच राहणार, हे मला कळलं. घरी गेल्यावरही, सकाळी ती उठायला उशीर करेल तेव्हा, भट्टीवरून निरोप येणार नाही तेव्हा.

"आई," आतून आवाज आला. बारीक. "चहा पिलात काय?"

मी ऐकलं.

"ओ आई! बहिऱ्या झालात काय?"

जिवलीने मला कोपराने ढोसलं. "अग, हाका मारते ती. ओ दे की."

मी तिचा हात दाबून तिला गप्प बसवलं. परत हाक मारू दे तिला.