टेप ज्याच्या गळ्यात, तो मास्टर

माझ्या भावाच्या धाकट्याला आम्ही सगळे बंब म्हणतो. पाचवं लागलं तसा हा बंब आईशी मराठी बोलेनासा झाला. शाळेतली भाषा तोंडात अशी बसली की "जेवायला चल" म्हटलं तरी उत्तर त्याच भाषेत. वहिनीला ती येते गिऱ्हाइकापुरती, तीही मोडकीतोडकी. या परमुलखात आमचं शिलाईचं दुकान आहे, त्यात ती मशीनवर असते, मी इस्त्रीवर. एकदा बटण लावता लावता म्हणाली, "वन्सं, उद्या हा मनातलं काही सांगायला आला, तर मला कळायचं तरी का हो?"

मग तिनं फर्मान काढलं, घरात मराठीच. पठ्ठ्यानं तोंडच शिवून घेतलं. शेवटी शिंप्याचाच पोरगा!

त्याची बहीण नऊ वर्षांची. तो ताई म्हणतो म्हणून आम्हीही तिला ताईच म्हणतो. शाळेतून आली की चिंध्यांच्या पोत्यापाशी दोघांचं दुकान-दुकान चालायचं आणि मास्टर अर्थात तीच. फर्मानानंतर मात्र तिनं गळ्यातली टेप काढून बंबच्या गळ्यात घातली.

"आजपासून मास्टर तू. मी गिऱ्हाईक. गिऱ्हाईक बाहेरचं बोलणार, मास्टर मराठीच. चुकलास की टेप परत."

टेपसाठी तर तो जीव टाकायचा. लगेच सुरू झाला, "हात वर करा. हलू नका, टाचणी लागेल हं!" अगदी वहिनीचा ठसका.

शब्द अडला, तर ताई सांगायची नाही. म्हणायची, "मास्टर, आत आईला विचारून या." मग हा दहादा आईकडे. "आई, ह्याला काय म्हणतात?" अस्तर, काज, दुमड. वहिनी सांगताना नुसती फुलून यायची. ही अक्कल नऊ वर्षांच्या पोरीची! मी तर मनातल्या मनात तिला हातच जोडले.

एका दुपारी एक माणूस काळा कोट घेऊन आला. भराभरा बोलत होता, मध्येच कोटावरून हात फिरवत होता. वहिनीला ओ की ठो कळेना, मला त्याहून नाही. बंब पुढे आला.

"आई, त्यांचे बाबा वारले. हा बाबांचा कोट आहे. आज त्यांना स्वतःला घालायचाय. फक्त बाह्या आखूड कर, बाकी तसाच राहू दे म्हणतात."

वहिनीनं डोळे पुसले आणि आधी त्या माणसाला खुर्ची दिली.

तो माणूस कोट घेऊन गेला, तेवढ्यात ताई दप्तर घेऊन दारात. वहिनीनं तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, "असं शिकवायचं तुला कुणी गं शिकवलं?"

"कुणीच नाही. मी शाळेत गेले ना, तेव्हा मला काहीच कळायचं नाही. शू लागली तरी सांगता यायचं नाही. बंबला आहे, तशी मला ताई नव्हती ना."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. वहिनीनं मशीन सोडलं आणि त्या एवढ्या मोठ्या घोडीला उचलून मांडीवर घेतलं.