सासूच्या नावाचं बटन

मनकर्णाबाईंची सुनेबद्दल एकच तक्रार होती, पण ती त्यांनी अख्ख्या आळीला ऐकवली होती. "म्या खोलीत पाय टाकला का ही कम्प्युटरचं बटन टक्कन दाबते, अन् मंग माह्याकडं पाहून अशी गोड हासते, जसं काई झालंच नाई!"

दर्यापुरातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत सुनेचं, ज्योत्स्नाचं, लग्नपत्रिका अन् टायपिंगचं दुकान होतं. कीबोर्डवरच्या काही बटनांची मूळची कामं बदलून तिनं आपल्या सोयीची लावून घेतली होती. एक दाबलं की 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही सगळी ओळ उमटे, दुसऱ्यानं पत्रिकांचे नमुने उघडत, तिसऱ्यानं छपाई सुरू होई. मनकर्णाबाई दुसरीतून शाळा सोडलेल्या; पण गिऱ्हाइकाला हे असं दाखवत, जणू ही विद्या त्यांच्याच घराण्यात पिढीजात चालत आली आहे. सुनेच्या तोंडावर मात्र कौतुकाचा शब्द नाही. लग्नानंतर तिनं बी.ए.चं शेवटचं वर्ष करायचं नाव काढलं, तेव्हा "पत्रिका छापता येते न? मंग पुस्तकं मायेरीच राहू दे," एवढ्यात त्यांनी विषय मिटवला होता.

खंडेनवमीला ज्योत्स्नाची आई जाईबाई अकोल्याहून आली. विळा, कुऱ्हाड, भाजी चिरायची पावशी पाटावर मांडून पुजली. राहिलं पोटापाण्याचं नवं हत्यार. ज्योत्स्ना आरतीचं ताट आणायला आत गेली अन् मनकर्णाबाई विहिणीला घेऊन पुढच्या खोलीत आल्या.

"आमच्या घरी सुनेले लेकीवानी मोकळीक हाये बरं, विहीणबाई. धाक म्हनून नाई." असं म्हणत त्या एकेका बटनाला कुंकू टेकवू लागल्या. बोटाचा भार पडला अन् पडद्यावरच्या पत्रिकेत 'श्रीकृपेकरून' तीनदा उमटलं. "देवाची लयच कृपा झाली व!" जाईबाई हसल्या.

मग बोट कोपऱ्यातल्या बटनावर टेकलं. पत्रिका गेली. फळ्यापुढं उभी असलेली एक बाई पडद्यावर आली अन् मोठ्यानं बोलू लागली, "तर विद्यार्थ्यांनो, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो..."

ज्योत्स्ना ताट घेऊन धावतच आली. तिनं तेच बटन दाबलं, पत्रिका परत आली. अन् सवयीनं ते गोड हसू तिच्या तोंडावर उमटलं. उमटलं ते तसंच अर्ध्यात विझलं.

"काय व हे?" जाईबाईंनी विचारलं.

"अभ्यास, आई. बी.ए.चा फॉर्म भरला."

"मंग लपवते काहून?"

ज्योत्स्नानं ताट खाली ठेवलं. शेवटी मनकर्णाबाईंनीच विचारलं, "ते बटन कायचं हाये?"

"तुमचं, आत्याबाई," ती खाली पाहत म्हणाली. "तुमच्या पायाचा आवाज आला का दाबाचं."

जाईबाई चिडल्या असत्या, तर बरं झालं असतं. भांडणाला मनकर्णाबाईंजवळ शब्दांची कधी वाण नव्हती. पण जाईबाई मान खाली घालून निरांजनाची वात सारखी करत बसल्या, जणू त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. ते मान राखणंच मनकर्णाबाईंना चटका देऊन गेलं. एक बटन देवाच्या ओळीसाठी, एक छपाईसाठी अन् एक आपल्यापासून वाचण्यासाठी! दारामागं काठी ठेवावी, तसं. अन् आत्ताच आपण विहिणीपुढं काय मिरवत होतो! त्यांचे कान तापले. विहिणीच्या डोळ्याला डोळा देववेना.

आरती झाली. बोटावरचं कुंकू पदराला पुसत मनकर्णाबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या अन् मागं वळल्या.

"ज्योत्स्ने, ऐक. सुनेनं सासूले पाहून पदर सावरावा, एवढा धाक मले पायजे होता. पुस्तक झाकावं, एवढा धाक माजुरी बाई ठेवते. तो म्या ठेवला. तुह्या मायच्या देखत सांगतो, चुकी माही हाये. ते बटन आजच्या आज काढ, अन् त्या मास्तरीनबाईले परत लाव. आवाज चुलीपर्यंत आला पायजे!"