रिकामा फिरणारा कटर

मांडवीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मित्रांनो, एक जुनं मिलिंग मशीन उभं आहे. ते मी. माझा सांगाडा पंजाबात ओतला आणि ट्रकने घाट उतरवून मला रत्नागिरीत आणलं. माझ्यात बसवलेला कटर गरगर फिरतो. खाली टेबलावर बांधलेला धातू हँडल फिरवून त्याच्यापुढे सरकवतात. काम एवढंच. पण उभ्या जागी माणसं मात्र भरपूर बघायला मिळतात.

सखाराम माझा कारागीर. मुंबईच्या कारखान्यात राहून आलेला. हात चपळ, तोंड त्याहून चपळ. माझा आवाज वाढला की त्याला वाटे, कामही वाढलं. डावीकडून उजवीकडे कापायचं, कटर उचलायचा, रिकामा मागे आणायचा, पुन्हा कापायचं. माझ्या हिशेबी अर्धा वेळ धातू कापला जाई आणि अर्धा वेळ हवा. लोक म्हणत, "सखारामाचा स्पीड बघा." कौतुक त्याचं, झीज माझी.

१९८४ च्या ऑगस्टमध्ये पूर्णगडचे भिकाजी फुटका पंप घेऊन आले. हा पंप त्यांच्या लाँचीचं इंजिन गार ठेवी. त्याचं अॅल्युमिनियमचं घर, म्हणजे बाहेरचं कवच, नवं करायचं होतं. सखारामाने घाईत अॅल्युमिनियमचा एक ठोकळा वाया घालवला आणि कटरही मोडला.

दुसऱ्या दिवशी भिकाजी सकाळीच हजर. संध्याकाळच्या भरतीला लाँच सुटली नाही, तर खलाशी दुसरीकडे जाणार होते. वीज दुपारी बाराला जायची होती. शिल्लक एकच ठोकळा, एकच कटर.

सखारामाने स्विचकडे हात नेला. मालकीण हेमावैनी म्हणाल्या, "थांबा. आधी कटरची वाट आखू."

"वैनी, कागद कापायचाय की अॅल्युमिनियम?"

"काल दोन्हीतलं काहीच कापलं नाहीत तुम्ही."

भिकाजी पुढे सरकले. "ताय, मशीन बंद ठेवून वेळ कसा वाचायचा गो?"

"वाचतो, काका. बसा."

वैनींनी कागदावर रेघ मधूनच सुरू केली आणि फेऱ्या घेत कडेपर्यंत नेली. कटर कुठे उचलायचाच नाही. सखारामाने वाकून रेघेच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हितं काटकोनात वळलं की कटर अडकतो. कालचा हितंच मोडला."

"मग गोल घ्यायचा?"

सखाराम भिकाजींकडे वळला. "काका, पंपाचा तो फुटका तुकडा बघू."

तुकड्याचे कोपरे आतून गोलच होते. सखाराम हसला. "आतून पाणीच फिरणार. त्याला काटकोन कशाला?"

वैनींनी कोपरे खोडून गोल काढले आणि मगच मला सुरू केलं. सखारामाने टेबलाची दोन्ही हँडलं एकदम फिरवत प्रत्येक वळण घेतलं. माझा वेग पूर्ण होता, पण कुठे धक्का नाही, कुठे रिकामी फेरी नाही. चुरा एकसारखा उडत राहिला. वीज जायच्या आधी पंपाचं घर तयार झालं. भिकाजींनी ते गरम गरमच पंच्यात गुंडाळलं आणि एस.टी. गाठायला धावले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा एक खलाशी ताज्या मासळीची टोपली घेऊन दारात आला. म्हणाला, "लाँच भरतीला सुटली. सगळे लाँचीवरच आहोत."

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, ते हवंच. पण यंत्राची खरी काळजी स्विच दाबण्याआधी घ्यायची असते. नुसतं फिरून यंत्र झिजतं, काम होत नाही. सखाराम अजून बडबडतो. पण आता आधी ठोकळ्यावरून बोट फिरवतो, वळणापाशी थांबतो, आणि मगच मला हाक देतो.