रोटीच्या टोपलीची साक्ष

मी रोटीची टोपली बोलतेय. वेताची, गोल, कडेला लाल पट्टी असलेली. विणणाऱ्या बाईने मला गुडघ्याखाली दाबून वाकवलं, तेव्हाच वाटलं होतं, आपल्या नशिबी काही मान नाही. पण भारतीय जेवणाच्या एका हॉटेलात आले आणि माझा तोरा वाढला. मी टेबलावर आले, की माणसं बोलणं अर्धवट टाकून माझ्यात हात घालायची.

एक निवृत्त पोस्टमन तेवढा घालत नसे.

त्याच्या बायकोचं मनगट मोडलं होतं, म्हणून चार महिने दोघं रोज दुपारी आमच्याकडेच जेवत आणि रात्रीचंही इथूनच डब्यात नेत. त्याला साखरेचा आजार. डॉक्टरांनी कार्ब्ज बंद केले होते. रोटी नाही, भात नाही, गोड नाही. पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं बजावलं होतं. मी आले, की तो मला एका बोटाने बायकोकडे सरकवायचा, जसं काही मी उष्टी आहे. मला त्याचा भयंकर राग यायचा.

मग तो पनीरची लाल भाजी मागवायचा. वेटरला विचारायचा, "यात साखर नाही ना?"

"छे हो काका. तिखट भाजीत कुठली साखर?"

वेटर खोटं बोलत नव्हता. त्याला ठाऊकच नव्हतं; तो कामावर दुपारी यायचा आणि रस्सा सकाळीच व्हायचा. स्वयंपाकघरातल्या फळीवरून मी रोज बघायची. सगळ्या भाज्यांसाठी एकच मोठं पातेलं. टोमॅटोचा आंबटपणा मोडायला आचारी त्यात दोन ओंजळी साखर टाकायचा, वर दाटपणाला कॉर्नफ्लॉवर. रोटी सोडली म्हणून पोस्टमन रश्शाची दुसरी वाटी घ्यायचा आणि चमच्याने साफ करायचा. मी मनात म्हणायची, खा लेका, खा.

साखर उतरेना. बायकोने रिपोर्ट टेबलावर आपटला.

"कुठे चोरून खाता?"

"अगं, तुझी शपथ, रोटीचा तुकडा तोंडात घातला नाही."

"शपथा तेवढ्या पोटभर खाता."

ती त्याचे खिसे तपासू लागली. एकदा तर त्याच्यादेखत मुलीला फोन लावून म्हणाली, "तुझे बाबा खोटारडे आहेत." स्पीकरवरून मुलगी म्हणाली, "बाबा, निदान कबूल तरी करा." शेजारच्या टेबलावरचे वळून बघू लागले. पोस्टमन मान खाली घालून वाटीतला रस्सा खात राहिला.

अंगठा कापावा लागला.

महिन्याभराने तो काठी टेकत आला. बायकोने मला उचलून त्याच्यापुढे ठेवलं.

"घ्या. माझ्यासमोर खा आता. आणि एकदा खरं बोला, म्हणजे मी सुटले."

जन्मभर लोकांची पत्रं न उघडता पोचवलेला माणूस तो. त्याने काठी टेबलाला टेकवून ठेवली. मग हळूच म्हणाला, "खात होतो. चोरून."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने रोटी उचलली, तशी ती वेटरला म्हणाली, "बघा, हात कसा बरोबर जातो. सवयीचा आहे." खरं सांगते, मला आनंद झाला. आलास ना शेवटी, असं वाटलं. त्या आनंदाची आज लाज वाटते.

आता माझी कड उसवली आहे. मी स्वयंपाकघरात लसूण सांभाळते. पातेल्यात साखर रोज पडते. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. घरच्या माणसाला खोटारडा म्हणण्याआधी आचाऱ्याला विचारा. आणि ती बाई कधी भेटलीच तर तिला सांगा, त्याचा हात माझ्यात एकदाच आला, अंगठा गेल्यावर.